अर्ध्यावर थांबलेला दगड: पृथ्वीच्या पोटातले खडक सूक्ष्मदर्शकाखाली कसे वाचतात

कोलकात्यातल्या सेंट जॉन चर्चच्या आवारात जॉब चार्नोकची कबर आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा हा अधिकारी १६९० च्या दशकाच्या सुरुवातीला वारला. त्याच्या कबरीवरची काळसर, तेलकट चकाकीची शिळा मद्रासजवळच्या पल्लावरमहून आणलेली होती. तिच्यावर कोरलेला मजकूर दोनशे वर्षं लोक वाचत राहिले. १८९३ मध्ये जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाच्या थॉमस हॉलंड यांनी मजकूर बाजूला ठेवून शिळाच वाचली. खडक ग्रॅनाइटसारखा, पण ग्रॅनाइटमध्ये सहसा न सापडणारं हायपरस्थीन नावाचं खनिज त्यात होतं. त्यांनी या खडकाला 'चार्नोकाइट' असं नाव दिलं. थडग्याखालच्या माणसाचं नाव थडग्याच्या दगडाला मिळावं, असं दुसरं उदाहरण माझ्या माहितीत नाही.

चार्नोकाइट ज्या खडकांच्या कुळातला, त्या ग्रॅन्युलाइट कुळाबद्दल हा लेख आहे. जमिनीखाली पंचवीस-तीस किलोमीटरवर, ७०० ते १००० अंश सेल्सिअसच्या धगीत भाजून, दाबून, ओढून निघालेले हे खडक. असा खडक आज आपल्या हातात असताना त्याच्यावर तिथे काय गुदरलं ते कळायचं कसं, एवढाच प्रश्न आहे. उत्तर मिलिमीटरच्या शंभराव्या भागात दडलेलं असतं, आणि मजा अशी की ते मिळतं बहुधा एखादं काम पुरं न झाल्यामुळे.

आपण महाराष्ट्रातली माणसं बेसाल्टच्या राज्यात वाढलो. सह्याद्रीचे कडे, किल्ले, लेणी, विहिरी, पाटा-वरवंटा सगळं लाव्ह्याचं. लाव्ह्याची गोष्ट तशी सरळ असते: वर आला, पसरला, थिजला. रूपांतरित खडकाची, म्हणजे ताप आणि दाबाने घन असतानाच बदललेल्या खडकाची, गोष्ट मात्र अनेकदा पुसून पुन्हा लिहिलेल्या पाटीसारखी असते. अशा पाट्या आपल्याकडेही आहेत. दख्खनच्या लाव्ह्याची चादर पूर्वेला जिथे संपते, त्या नागपूर, भंडारा, गोंदियाकडे जुना पाया उघडा पडतो. भंडाऱ्यापासून मध्य प्रदेशातल्या बालाघाटपर्यंत ग्रॅन्युलाइटचा एक पट्टाच आहे. पण या खडकांचं खरं घर दक्षिणेत आणि पूर्व घाटात. तमिळनाडू, केरळ, आंध्र, ओडिशा ही जगभरच्या ग्रॅन्युलाइट अभ्यासकांची पंढरी.

केसाहून पातळ दगड

आधी साधनाबद्दल. दगडाचा एक छोटा चौकोनी काप हिऱ्याच्या करवतीने काढतात, काचपट्टीवर चिकटवतात आणि कार्बोरंडमच्या पुडीवर घासत घासत त्याची जाडी ०.०३ मिलिमीटरवर आणतात. माणसाचा केस साधारण याच्या दुप्पट-तिप्पट जाड असतो. एवढा पातळ झाला की काळाकुट्ट दगडही पारदर्शक होतो. शेफील्डच्या हेन्री क्लिफ्टन सॉर्बी यांनी १८५० च्या सुमारास असे काप करून खडक बघायला सुरुवात केली. आज यंत्रं आली तरी शेवटचा हात मारताना जाडी ओळखण्याची युक्ती जुनीच आहे: ध्रुवित प्रकाशात क्वार्ट्ज (गारगोटीचं खनिज) फिकट राखाडी दिसला की थांबायचं. पिवळसर-नारिंगी दिसत असेल तर अजून घासा. आणि जरा जास्तच उत्साहाने घासलं, तर पट्टीवर नुसता गोंद उरतो. भूशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने हे दुःख एकदा तरी भोगलेलं असतं.

ध्रुवित प्रकाश म्हणजे एकाच पातळीत थरथरणारा प्रकाश. कापाच्या खाली एक गाळणी आणि वर तिच्याशी काटकोनात दुसरी. मध्ये काही नसेल तर दोन्ही मिळून सगळा प्रकाश अडवतात. मध्ये स्फटिक आला की तो प्रकाश वळवतो आणि काळ्या पडद्यावर रंग उमटतात. मंच, म्हणजे काप ठेवतात ती चकती, गोल फिरवला की प्रत्येक कण एका पूर्ण फेरीत चार वेळा उजळतो आणि चार वेळा काळा होतो. कण नेमका कुठे काळा होतो, ते त्यातल्या अणूंच्या रांगा कोणत्या दिशेला आहेत यावर ठरतं. आता वरची गाळणी काढून टाका आणि चार्नोकाइटमधल्या हायपरस्थीनकडे बघत मंच फिरवा. तोच कण कधी गुलाबी, कधी हिरवट दिसतो. धूपछाव साडीचा पदर हलवला की दिसतो तसा.

चिक्की आणि पाक

खडक मोडतो, हे आपल्याला माहीत आहे. तो वाहतो, हे पटायला जड जातं.

गुळाची चिक्की आठवा. थंड झालेली चिक्की काडकन तुटते. तोच पाक गरम असताना चमच्याने उचलला तर तार धरतो. वस्तू तीच, वागणं तापमानाने बदललं. खडकाचंही तसंच, फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. पाक बराचसा द्रवच असतो, खडक मात्र घन राहूनच वाहतो. आणि वेग. पृथ्वीच्या कवचात खोलवर खडक ज्या सावकाश गतीने ताणला जातो, त्या गतीने एखाद्या तुकड्याची लांबी दुप्पट व्हायला ढोबळमानाने तीस लाख वर्षं लागतात. एवढी सवड असल्यावर दगडही नरमतो.

घन राहून वाहायचं कसं? एक काळ हे कोडंच होतं. स्फटिकातली अणूंची अख्खी रांग दुसऱ्या रांगेवरून एकदम सरकवायला किती जोर लागेल याचा हिशेब केला, तर उत्तर प्रत्यक्षाच्या कितीतरी पट जास्त येत होतं. १९३४ मध्ये टेलर, ओरोवान आणि पोलानी या तीन शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे उत्तर दिलं. मंगल कार्यालयात अंथरलेली लांबलचक सतरंजी एका टोकाला धरून ओढायला चार माणसं लागतात. पण तिला एका टोकाला सुरकुती पाडली आणि ती पायाने ढकलत दुसऱ्या टोकाला नेली, तर एकटा माणूसही सतरंजी वीतभर सरकवतो. स्फटिकातही अशा सुरकुत्या असतात: अणूंच्या रचनेतला एका ओळीपुरता बिघाड. अख्खी रांग सरकत नाही, सुरकुती सरकते. अशा कोट्यवधी सुरकुत्या फिरल्या की कण न फुटता लांबट होतो.

या सुरकुत्या साध्या सूक्ष्मदर्शकात दिसत नाहीत, पण त्यांचा परिणाम दिसतो. धड स्फटिक मंच फिरवताना एकदम काळा होतो. सुरकुत्यांनी भरलेल्या स्फटिकात अणूंच्या रांगा किंचित वाकलेल्या असतात, त्यामुळे कणाचा एक भाग आधी काळा होतो, मग शेजारचा, मग त्याच्या पुढचा. ढगाची सावली शेतावरून सरकावी तशी ती काळोखी कणावरून सरकते. ही लाटेसारखी काळोखी दिसली की समजायचं, या कणाला कोणीतरी पिळलं आहे आणि तो पीळ अजून सुटलेला नाही.

तापमान आणखी वाढलं की कण स्वतःची आवराआवर करायला लागतो. इतस्ततः पसरलेल्या सुरकुत्या हलत हलत एका रेषेत येऊन उभ्या राहतात आणि त्यांची भिंत होते. एका मोठ्या कणात अशा भिंतींनी खोल्या पडतात. भिंतींवर सुरकुत्यांची भर पडत गेली की शेजारच्या खोल्यांमधला कोन वाढतो, आणि तो दहा-पंधरा अंशांच्या पुढे गेला की प्रत्येक खोली स्वतंत्र नवा कण होते. जुना मोठा कण जाऊन त्याच्या जागी बारीक, स्वच्छ कणांचा गोतावळा येतो. यालाच पुनर्स्फटिकीकरण म्हणतात.

सगळी खनिजं एकाच वेळी नरमत नाहीत. क्वार्ट्ज साधारण ३०० अंशांच्या आसपास वाहायला लागतो, फेल्डस्पार हे ग्रॅनाइटमधलं दुसरं नेहमीचं खनिज ४५०-५०० च्या पुढे. या दोन आकड्यांच्या मधल्या टापूत मोठी गंमत होते. पुरणपोळी लाटताना पुरणात एखादी अख्खी डाळ राहून गेली तर काय होतं? आजूबाजूचं पुरण लाटण्याबरोबर पसरतं, डाळ तशीच राहते, आणि पुरण तिला वळसा घालून जातं. तसा क्वार्ट्ज वाहतो आणि फेल्डस्पारचा कडक गोळा डोळ्यासारखा मध्ये राहतो. गोळ्याच्या दोन्ही बाजूंना बारीक कणांच्या शेपट्या तयार होतात, एक जरा वरच्या अंगाला आणि एक खालच्या. कोणती शेपटी कुठे, यावरून खडकाचा वरचा भाग डावीकडे सरकला की उजवीकडे ते सांगता येतं. केरळ-तमिळनाडूतल्या पालघाट-कावेरी पट्ट्यासारख्या ठिकाणी, जिथे कवचाचे मोठे तुकडे एकमेकांना घासत गेले, तिथे अभ्यासक अशा शेपट्या मोजत बसतात. मात्र काप योग्य दिशेने घ्यावा लागतो: खडकाच्या पदरांना काटकोनात आणि ताणाच्या रेषेला समांतर. चुकीच्या दिशेने कापलं तर काप सुबक दिसतो आणि गोष्ट खोटी सांगतो.

असा ओढून बारीक झालेल्या खडकाला मायलोनाइट म्हणतात. स्कॉटलंडच्या वायव्येला काम करणाऱ्या चार्ल्स लॅपवर्थ यांनी १८८५ मध्ये गिरणीसाठीच्या ग्रीक शब्दावरून हे नाव दिलं. कण बारीक झाले म्हणजे दळलेच गेले असणार, असा त्यांचा समज. पुढे कळलं की दळण नव्हे, वरची आवराआवरच तिथे चालली होती. नाव मात्र गिरणीचंच राहिलं. शास्त्रातली चुकीची नावं मला आवडतात. कोणाला कधी काय वाटलं होतं, ते त्यांच्यात जपून राहतं.

शांत दिसणारा दगड

आतापर्यंत वाटेल की जितकी भट्टी कडक, तितक्या खुणा ठळक. घडतं उलट.

आठशे अंशांना पीळ पडतो तसा सुटतोही झपाट्याने. कणांच्या सीमा मोकळेपणी सरकतात. मोठे कण लहानांना गिळतात. कारण साधं आहे: सीमा म्हणजे खर्चाचं खातं. जितकी सीमा कमी तितकी ऊर्जा कमी, म्हणून सवड मिळाली की खडक सीमा कमी करत जातो. साबणाच्या फेसात हेच बघायला मिळतं. फुगे एकमेकांना टेकतात तिथे तीन भिंती एकत्र येतात आणि त्यांच्यात जवळजवळ १२० अंशांचा कोन असतो. नीट भाजलेल्या ग्रॅन्युलाइटचा काप असाच दिसतो: नेटके बहुकोनी कण, सरळ सीमा, तिठ्यावर १२० अंश. फरशी बसवावी तसं.

नवख्याला हा काप बघून वाटतं, या खडकाने आयुष्यात काही सोसलंच नाही. आणि तीनशे-चारशे अंशांवर जरा मुरगळलेला गरीब क्वार्ट्जाइट (जवळजवळ निव्वळ क्वार्ट्जचा खडक) मात्र भयंकर छळलेला दिसतो. प्रत्यक्षात पहिल्याने दहापट सोसलेलं असू शकतं. त्याने ते विसरून टाकलं, इतकंच. ताप जितका जास्त, तितकं विसरणं पक्कं. म्हणून ग्रॅन्युलाइट वाचताना आधी विचारावं लागतं की विसरायला त्याला पुरेसा वेळ मिळाला का.

बहुतेकदा मिळालेला नसतो. क्वार्ट्जच्या लांबच लांब फिती उरतात, पदराला काठ असावा तशा. त्यांच्या आत कधी कधी बुद्धिबळाच्या पटासारखी काळोखी दिसते, काळे-पांढरे चौकोन. थंड क्वार्ट्जमध्ये सुरकुत्या मुख्यतः एका दिशेने सरकतात, खूप गरम क्वार्ट्जमध्ये दोन काटकोनी दिशांनी. म्हणून भिंतीही दोन दिशांनी उभ्या राहतात आणि पट तयार होतो. क्वार्ट्जचा एक गुण इथे कामाला येतो. ५७३ अंशांना, पृष्ठभागावरच्या दाबाखाली, त्याची अंतर्रचना बदलते. दाब वाढला की हा आकडाही चढतो, दर किलोबारला (हवेच्या दाबाच्या सुमारे हजारपट) पंचवीसेक अंशांनी. पट दिसला की क्वार्ट्ज या उंबरठ्याच्या आसपास किंवा त्यापलीकडे गरम असताना ताणला जात होता, असा कयास बांधतात. आणि पटाच्या अंगावरून साधी लाटेची काळोखी सरकत असेल, तर ती नंतरची, खडक वर येताना थंड अवस्थेत बसलेली शेवटची चिमट. एकाच कणात दोन वेगवेगळ्या काळांच्या खुणा.

तामडीच्या पोटात

ज्याला आपण तामडी म्हणतो ते गार्नेट ग्रॅन्युलाइटमधलं सर्वांत हट्टी खनिज. ते सहसा वाहत नाही, त्यातून अणू सहज ये-जा करत नाहीत, आणि वाढताना ते आजूबाजूचं जे सापडेल ते पोटात घेत जातं. बाहेरचा सगळा खडक पुन्हा पुन्हा पुसला गेला तरी गार्नेटच्या पोटातला ऐवज टिकतो. सिलिमनाइट नावाच्या खनिजाच्या सुया एका रांगेत पोटात असतात, आणि बाहेरच्या खडकाचे पदर त्या रांगेशी काटकोनात. याचा अर्थ खडकाचे आधीचे पदर वेगळ्या दिशेला होते, गार्नेटने ते गिळले, नंतर बाहेर सगळं नव्याने दुमडलं गेलं.

मध्यम तापमानाच्या खडकांत कधी कधी हा ऐवज चकलीसारखा गोल वळलेला दिसतो. अनेक वर्षं सरळ अर्थ लावला जायचा: गार्नेट वाढता वाढता फिरलं. १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या टिम बेल यांनी उलट मांडलं, की गार्नेट जागच्या जागी राहतं आणि भोवतीचे पदर पुन्हा पुन्हा नव्या दिशेने पडतात. यावर भूशास्त्रज्ञ किती कडाकडा भांडले आहेत! माझा स्वतःचा कल 'काही ठिकाणी फिरतं' याकडे आहे, पण चकली बघून ताबडतोब 'फिरलं' म्हणायची सवय या वादाने मोडली, हे चांगलं झालं.

पोटात काय सापडलं यावरून खोलीही कळते. कायनाइट, अँडालुसाइट आणि सिलिमनाइट ही तिन्ही खनिजं रासायनिक सूत्राने एकच: अॅल्युमिनियम, सिलिकॉन, ऑक्सिजन. फरक फक्त अणू रचण्याचा. दाब जास्त असेल तर कायनाइट, ताप जास्त असेल तर सिलिमनाइट, दोन्ही बेताचे असतील तर अँडालुसाइट. साधारण ५०० अंश आणि ४ किलोबारला तिघांच्या हद्दी मिळतात. भंडारा जिल्ह्यातून कायनाइट आणि सिलिमनाइट ही दोन्ही खनिजं निघत आली आहेत, भट्टीच्या विटांसाठी. समजा बाहेरच्या खडकात सिलिमनाइट आहे आणि गार्नेटच्या पोटात कायनाइट. म्हणजे खडक आधी जास्त दाबाखाली होता, मग आणखी तापला किंवा वर सरकला.

केरळच्या दक्षिण भागात खोंडलाइट नावाच्या खडकांचा पट्टा आहे. ओडिशातल्या खोंड आदिवासींवरून १९०२ मध्ये हे नाव पडलं. कोणार्कचं सूर्यमंदिर मुख्यतः याच खडकाचं, आणि त्यातल्या गार्नेटचं लोखंड गंजून दगड झिजतो ही तिथल्या जतनकर्त्यांची जुनी डोकेदुखी. तर केरळच्या या खोंडलाइटमधल्या गार्नेटच्या पोटात इटलीतल्या पादुआ विद्यापीठाच्या बर्नार्डो चेझारे आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये फार सुंदर गोष्ट दाखवली. खडक अर्धवट वितळत असताना त्या वितळलेल्या रसाचे अतिसूक्ष्म थेंब वाढत्या गार्नेटने गिळले होते. मोठ्या थेंबांत नंतर क्वार्ट्ज, फेल्डस्पार, अभ्रक यांचे कण तयार झाले: चिमुकला ग्रॅनाइट, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या खोलीत. पण सर्वांत लहान थेंबांना स्फटिक व्हायलाही जमलं नाही. ते काच म्हणूनच राहिले. हे खडक सुमारे ५५ कोटी वर्षांपूर्वी भाजले गेले. एवढ्या काळात काच टिकणं जवळपास अशक्य मानलं जात होतं, पण थेंब इतके लहान की स्फटिकाची पहिली गाठच पडेना.

वाळलेला खडक उलटा फिरत नाही

इथे एक प्रश्न कोणालाही पडायला हवा. हे खडक आठशे-नऊशे अंशांना तयार झाले, मग वर येताना हळूहळू थंड झाले. थंड होताना ते पुन्हा अभ्रकाचे, हॉर्नब्लेंड या काळ्या खनिजाचे साधे खडक का झाले नाहीत? चढताना जी प्रक्रिया झाली ती उतरताना उलट का झाली नाही?

कारण पाणी निघून गेलं. अभ्रक आणि हॉर्नब्लेंड यांच्या रचनेत थोडं पाणी बांधलेलं असतं. ताप चढला की ही खनिजं मोडतात, त्यांच्या जागी पायरॉक्सीन (हायपरस्थीन त्यातलंच एक) आणि गार्नेट येतात, आणि सुटलेलं पाणी वितळलेल्या रसात मुरून रसाबरोबर वर निघून जातं. मागे उरतो तो पिळून काढलेला चोथा. खडकात पाणी अणूंची ने-आण करतं, ते नसलं की प्रक्रिया रखडते. पाण्याने खडक वाहतोही सहज. ग्रिग्ज आणि ब्लेसिक यांनी १९६५ मध्ये दाखवलं की क्वार्ट्जमध्ये पाण्याचा अगदी अंश असला तरी त्याची ताकद ढासळते. कोरडा ग्रॅन्युलाइट म्हणून वाहायला आणि बदलायला दोन्हीला जड. आज तो आपल्याला अभ्यासायला मिळतो तो या जडपणामुळे.

थोड्या प्रक्रिया होतातच, पण अर्ध्यावर थांबतात. गार्नेटच्या लाल गोळ्याभोवती दुसऱ्या खनिजाची कड दिसते, जखमेवर खपली धरावी तशी. ही कड बहुधा साधी नसते. जवळून पाहिलं तर दोन खनिजं एकमेकांत बोटांत बोटं गुंतवल्यासारखी, गांडुळासारखी वळवळलेली दिसतात. प्रक्रिया गार्नेटला कुरतडत पुढे सरकते, पण अणूंना लांब जाता येत नाही. त्यामुळे एका जातीचे अणू एका बोटात आणि दुसऱ्या जातीचे शेजारच्या बोटात, जवळच्या जवळ जमतात. बोटं जितकी बारीक तितकी अणूंची धाव तोकडी पडलेली.

या कडीवरून खडकाचा प्रवास वाचता येतो. गार्नेट आणि क्वार्ट्ज मिळून पायरॉक्सीन आणि प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार तयार होत असेल, तर दाब कमी झाला, खडक गरम असतानाच वर उचलला गेला. उलट पायरॉक्सीन आणि फेल्डस्पारच्या मध्ये गार्नेटची माळ धरलेली असेल, तर खडक खोलवरच बसून थंड होत गेला. वाहतूक कोंडीत अडकलेल्या गाडीची दिशा तिच्या तोंडावरून कळते ना, तसंच. गाडी पोचली असती तर ती कुठून आली ते कधीच कळलं नसतं.

आंध्रातल्या पाडेरूच्या परिसरात सॅफिरीन नावाचं निळसर खनिज सापडतं. नीलमाशी त्याचं नातं रंगापुरतं. सॅफिरीन आणि क्वार्ट्ज शेजारी-शेजारी सुखाने नांदताना दिसले, तर तापमान हजार अंशांच्या आसपास गेलं होतं असं अभ्यासक मानतात. आणि दोघांच्या मध्ये दुसऱ्याच खनिजांची पातळ भिंत उभी असेल, तर थंड होताना त्यांचं फाटलं. असंच जोडपं अंटार्क्टिकातल्या एंडरबी लँडमध्ये प्रसिद्ध आहे. पूर्व घाट आणि अंटार्क्टिकाचा तो किनारा गोंडवन हा प्राचीन महाखंड फुटण्याआधी एकमेकांना जोडून होते.

कब्बलदुर्ग

बंगळुरूच्या नैर्ऋत्येला, पूर्वीच्या रामनगर (आता बंगळुरू दक्षिण) जिल्ह्यात कब्बलदुर्ग नावाचा डोंगर आहे. तिथल्या खाणीत जे उघडं पडलं, ते मला या विषयातलं सर्वांत देखणं दृश्य वाटतं. खडक राखाडी, पट्ट्यापट्ट्यांचा, ज्याला नाइस म्हणतात तो. त्यावर मधूनमधून काळपट हिरवे, तेलकट डाग, कापडावर तेल सांडल्यासारखे. डाग म्हणजे चार्नोकाइट. नाइसचे पट्टे डागापर्यंत येतात, डागात शिरताना अंधुक होतात आणि पलीकडून पुन्हा निघतात. राखाडी खडक चार्नोकाइट होता होता थांबला आहे. भूशास्त्रज्ञ सी. एस. पिचमुथु यांनी १९६० मध्ये 'नेचर' नियतकालिकात याकडे जगाचं लक्ष वेधलं. थांबलं ते सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वी.

डाग कुठेही पडलेले नाहीत. बरेचसे बारीक कातर-रेषांवर, म्हणजे खडकाचे दोन भाग एकमेकांना घासत सरकले त्या रेषांवर, आणि पट्टे जिथे मुरडले त्या जागांवर आहेत. म्हणजे ताण पडला, खडकात वाट उघडली, त्या वाटेने काहीतरी शिरलं आणि त्याने अभ्रक-हॉर्नब्लेंडमधलं पाणी हुसकून लावलं. काय शिरलं? १९७१ मध्ये जाक तुरे यांनी नॉर्वेतल्या ग्रॅन्युलाइटच्या कणांत कार्बन डायऑक्साइडने भरलेल्या सूक्ष्म पोकळ्या दाखवल्या होत्या. दक्षिण भारतातही त्या सापडल्या, आणि १९८० च्या दशकात खोलवरून आलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या लाटेने खडक वाळवला, ही कल्पना जोरात होती. नंतर काहींनी तीव्र खारट द्रवांचं नाव पुढे केलं, काहींनी सगळा दोष वितळण्यावर टाकला. सूक्ष्मदर्शकाखाली डागाच्या काठावर अभ्रकाचे कुरतडलेले तुकडे आणि त्यांच्याशेजारी मोठे, नवेकोरे हायपरस्थीन दिसतात. त्यावर तिन्ही पक्ष आपापली बाजू लढवतात. मला पटतं ते इतकंच, की वाट ताणाने उघडली. डाग आणि कातर-रेषा इतक्या चिकटून चालतात की दोन्ही वेगळ्या गोष्टी मानणं अवघड आहे.

सूक्ष्मदर्शकाच्या मर्यादाही इथे सांगायला हव्यात. कड दिसते, पण ती त्याच भाजणीत आली की तीस-चाळीस कोटी वर्षांनी झालेल्या दुसऱ्या भाजणीत, हे डोळ्यांना कळत नाही. दोन्ही सारख्याच दिसतात. त्यासाठी मोनाझाइट नावाच्या खनिजाचे बारके कण शोधतात. त्यात थोरियम आणि युरेनियम असतं, त्यांच्या क्षयावरून वय काढता येतं. एक कण गार्नेटच्या पोटातला, एक कडीतला. दोन्हींची वयं जुळली तर एकच भाजणी, नाहीतर खडक दोनदा चुलीवर चढला होता. पूर्वी एकाच गोष्टीत गुंफलेले कित्येक खडक अशा वयांनी दोन गोष्टींत फुटले. केरळच्या किनाऱ्यावरची प्रसिद्ध मोनाझाइटची वाळू याच खडकांच्या झिजेतून आलेली आहे. कन्याकुमारीच्या किनाऱ्यावर लालसर वाळू दिसते, ती लाली बरीचशी गार्नेटची.

हे सगळं बघायला सूक्ष्मदर्शकच हवा असं नाही. बाजारात 'ग्रॅनाइट' म्हणून ओट्याला, पायऱ्यांना लावतात ते दगड अनेकदा ग्रॅनाइट नसतातच. नाइस, चार्नोकाइट, ग्रॅन्युलाइट सगळे त्याच नावाखाली विकले जातात. 'काश्मीर व्हाइट' नावाचा पांढुरका दगड काश्मीरचा नाही, तमिळनाडूचा आहे, आणि त्यातले तांबडे ठिपके गार्नेटचे आहेत. असा ओटा कुठे दिसला तर मोबाइलचा टॉर्च लावून आडव्या उजेडात एखादा ठिपका नीट बघा. त्याच्याभोवती जरा जास्तच पांढरी, काळ्या ठिपक्यांविना राहिलेली गोल जागा दिसली, तर तिथलं काळं अभ्रक गार्नेटने वाढताना संपवलेलं आहे. त्या गोलापलीकडे काळे ठिपके पुन्हा सुरू होतात. अभ्रक पुसायचं काम तिथपर्यंत येऊन थांबलं.